सभासद यादीतून कमी केलेलं नाव

शिरूर
९ मार्च

प्रिय अक्का,

तुझं पत्र पोचलं. ईस्टरला नातवंडांना घेऊन चार दिवस येते म्हणतेस. ये, पण हे पत्र पूर्ण वाच आणि मग काय ते ठरव. फोनवर तू तीनदा विचारलंस, सुवार्ता, तू अशी तुटक का बोलतेस? तिन्ही वेळा मी घसा बसलाय म्हणाले. घसा ठणठणीत आहे. फोनवर दाजी शेजारी असतात, तू मध्येच रडायला लागतेस, आणि मला जे सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे. शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस.

आपल्या भावाबद्दल, संपतबद्दल लिहायचं आहे. त्याला जाऊन येत्या अठरा तारखेला सहा महिने होतील. तुझं खुब्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात होतं, म्हणून तुला चार दिवस उशिरा कळवलं. कळवलं तेही पुरतं कळवलं नाही. त्याच्या शेवटच्या तीन महिन्यांत माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक, त्याच्या तेजश्रीची कॉलेजातली जागा. दुसरी, आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या यादीतलं त्याचं नाव. दोन्ही राखता येणार नव्हत्या. कुठली राखायची हे ठरवणारी मी होते.

तुला त्याचा शाळेचा दाखला आठवतो का? आईला टीबीच्या दवाखान्यात ठेवलं, तू सासरी, मी नगरला कॉलेजात, आप्पांना शाळेतली नोकरी सोडवेना. मग सहा वर्षांच्या संपतला दोन वर्षं मांडवगणला आजीकडे ठेवलं. धुरपदा आजीनं त्याचा हात धरून त्याला पहिलीत नेऊन बसवलं. मास्तरांनी जात विचारली, तिनं सांगितली. धर्म कुणी विचारला नाही, तिनंही सांगितला नाही. दाखल्यावर आलं, हिंदू महार. तुझ्या आणि माझ्या दाखल्यावर आप्पांनी स्वतःच्या हातानं ख्रिस्ती असं लिहिलेलं. सुट्टीत घरी आले तेव्हा मी आप्पांना म्हणाले, हे दुरुस्त करून घ्या. आप्पांनी दाखल्याची घडी घातली, पेटीत ठेवला आणि म्हणाले, बघू. त्यांनी ते कधीच बघितलं नाही. पुढे त्याच दाखल्यावर संपतला आयटीआयला जागा मिळाली, त्यातून कुरकुंभच्या कंपनीत नोकरी. दर रविवारी व्यासपीठावरून खरेपणावर बोलणारे आपले आप्पा त्या एका कागदाबद्दल मरेपर्यंत गप्प राहिले. मी मात्र गप्प राहिले नाही. संपत भेटला की मी त्याला टोचून बोलायची. तो हसायचा. म्हणायचा, "ताई, कागदावरचा संपत येगळा आन् येशूच्या देवळातला संपत येगळा. दोघं एकमेकाला वळखत न्हाईत, मग भांडणार कशाला?"

तो तसाच होता, सगळीकडे मिळूनमिसळून असणारा. करुणा दौंडच्या बौद्ध घरातली. लग्नाआधी तिनं बाप्तिस्मा घेतला, पण माहेर सोडलं नाही, आणि संपतनं तिला सोडायला लावलं नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मंडळीचं कॅलेंडर आणि बुद्धाचा फोटो एकाच भिंतीवर. गावाकडच्या जत्रेला तो वर्गणी द्यायचा, वर जेवायलाही जायचा. चौदा एप्रिलला मेहुण्याबरोबर, पोपटरावांबरोबर, निळा फेटा बांधून मिरवणुकीत चालायचा. आठ वर्षांपूर्वी तो फोटो कुणीतरी मला दाखवला. मी मंडळीची सेक्रेटरी. दुसऱ्या कुणाच्या भावाचा फोटो असता तर पंच कमिटीपुढे ठेवला असता, म्हणून याचाही ठेवला. तीन महिने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. दौंडहून दोन बस बदलून तो यायचा, दाराजवळच्या बाकावर बसायचा, आणि सगळे भाकर-प्याला घ्यायला पुढे गेले की खाली मान घालून बसून राहायचा. एकदा बाहेर मला गाठून म्हणाला, "बाबासायबांनी माझ्या बायकोच्या घराला माणसात आणलं. त्यांच्या मिरवणुकीत चार पावलं चाललो तर येशू रुसतो व्हय ताई?" मी म्हणाले, येशू रुसत नाही, पण कमिटीला नियम असतात. मला वाटलं, काय चोख उत्तर दिलं. त्यानंतर तो फक्त नाताळ आणि ईस्टरला यायला लागला. मला ते लक्षात यायला दोन वर्षं लागली.

आता तेजश्री. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली, एकुलती. तिनं बी.फार्म. करायचं ठरवलं. संपतला त्याचा फार अभिमान. तीस वर्षं तो कंपनीत कामगारांच्या गेटानं आत गेला, पोरगी स्टाफच्या गेटानं जाईल म्हणायचा. गेल्या जूनमध्ये पुण्याच्या सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली, राखीव, अनुसूचित जातीची, जी ख्रिस्ती माणसाला मिळत नाही. जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर जागा जाणार होती. तुला वाटेल, आपल्यासारख्यांना ओबीसीत धरतात, तिकडून का नाही घेतलं? मीही तेच म्हणाले. पण तसा दाखला काढायचा तर बापाच्या जन्मभराच्या कागदांवर काट मारावी लागली असती, आणि त्याची नोकरी त्याच कागदांवर उभी होती.

त्यांचा अर्ज गेला आणि पाठोपाठ कुणीतरी निनावी तक्रार केली, की हे कुटुंब ख्रिस्ती आहे. सोबत पुरावा म्हणून मंडळीच्या स्मरणिकेतल्या एका पानाची झेरॉक्स. शास्त्रपाठांतर स्पर्धा, प्रथम क्रमांक, कुमारी तेजश्री संपत, आणि तिचा ढाल घेतलेला फोटो. ती स्मरणिका मी काढली होती. फोटोखालचा मजकूर माझाच. त्यात तिचं नाव चुकीचं छापलं म्हणून छापखानेवाल्याकडून ते पान मी दुसऱ्यांदा छापून घेतलं होतं.

चौकशीला साहेब आले ते मंगळवारी. सभ्य माणूस. चप्पल काढून देवळात आले, पाणी मागून घेतलं. म्हणाले, "बाई, हे कुटुंब तुमच्या मंडळीचं सभासद आहे का, एवढं आठ दिवसांत लेखी द्या. आहे तर आहे, नाही तर नाही." मग फाइल चाळता चाळता विचारलं, "आडनाव तुमचंच दिसतंय?" मी म्हणाले, या आडनावाची शिरूरमध्ये साठ घरं आहेत. अक्का, हे खरं आहे. मतदार यादीत बघून घे. त्यांनी मान हलवली आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र माझ्यासमोर ठेवलं. वर शंकरराव, त्याखाली एक सरळ रेघ, संपत, त्याखाली तेजश्री. आप्पांना एकच मूल. तू नाहीस, मी नाही. आपल्या दोघींच्या दाखल्यांवर ख्रिस्ती आहे, म्हणून आपण जन्मलोच नाही. मी तो कागद बराच वेळ बघत राहिले. साहेबांना वाटलं, मला चष्म्यातून दिसत नाहीये.

मी आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही, हे तुला माहीत आहे. चौतीस वर्षं शिकवलं, एका मुलाची हजेरी वाढवून लावली नाही. ख्रिस्ती माणसाजवळ दुसरं काय असतं? गावात आपण मूठभर. आपल्याला कुणी पैशासाठी ओळखत नाही, सत्तेसाठी तर नाहीच. त्या बाई खोटं बोलत नाहीत, एवढीच आपली ओळख. म्हणून मला तेजश्रीची जागाही वाचवायची होती आणि खोटंही लिहायचं नव्हतं. मग मी असं केलं, की जे लिहायचं तेच आधी खरं करून घेतलं.

मंडळीच्या घटनेत कलम आहे. जो सभासद सलग बारा महिने उपासनेला येत नाही आणि वर्गणी भरत नाही, त्याचं नाव कमिटी यादीतून कमी करू शकते. आजवर कुणाचं केलं नव्हतं. संपत दोन वर्षं नाताळलाही आला नव्हता, थर्ड शिफ्ट असायची, आणि वर्गणीही थकली होती. मी शनिवारी सभा बोलावली, विषयपत्रिकेवर विषय घेतला. एकट्या संपतचं नाव कमी केलं तर ते उघड दिसलं असतं, म्हणून कलमात बसणारी आणखी चार नावं शोधली. नियम सगळ्यांना सारखा. त्यात आपल्या भामाबाई होत्या, दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या. पाचही नावं एका ठरावात गेली. सोमवारी मी लेटरहेडवर लिहून दिलं, सदर इसम व त्याचे कुटुंबीय आजमितीस आमच्या मंडळीचे सभासद नाहीत, आमच्या स्पर्धा सर्व धर्मांच्या मुलांसाठी खुल्या असतात. प्रत्येक शब्द खरा. सही केली, शिक्का मारला, जावक क्रमांक घातला. भामाबाईंना सुनेकडून कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "बाई, मी मेली का काय? मला कुणी सांगितलं न्हाई." त्यांचं नाव पुढच्या सभेत परत घेतलं.

संपतला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी आता मी कुठलाच न्हाई. बरं झालं, वर्गणी वाचली." मी म्हणाले, थट्टा पुरे. पोरीच्या हातात प्रमाणपत्र पडू दे, जानेवारीत तुझं नाव परत घालते, अर्ज मीच लिहून ठेवला आहे. तो म्हणाला, "आन् मधीच मेलो तर कुठं नेशील मला?" मी त्याला फालतू बोलू नकोस म्हणाले आणि फोन ठेवला. अक्का, त्याचा तो प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याला कबरस्तानाचा नियम माहीत होता. तुलाही माहीत आहे. पंधरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, कबरस्तानाची एक बाजू गेली, आणि रांजणगावच्या कंपन्यांतली बाहेरून आलेली माणसं तिथं जागा मागायला लागली. तेव्हा ठराव झाला, की सभासद यादीत नाव असेल त्यालाच जागा मिळेल, अपवाद नाही. पाळकसाहेब तेव्हाचे वेगळे होते, ते म्हणाले, बाई, दया म्हणून एखादी ओळ घालू. मी म्हणाले, दयेची ओळ घातली की वशिल्याची रांग लागते. ती ओळ घातली नाही.

अठरा सप्टेंबर, गुरुवार. सकाळी सात वाजता तो थर्ड शिफ्टवरून सुटला, कंपनीच्या बसनं दौंडला उतरला, घरी चहा घेतला. छातीत जळजळतंय म्हणाला. ॲसिडिटीची गोळी घेतली आणि भिंतीला टेकून बसला. करुणा डबा घासून बाहेर आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. डॉक्टर नऊला आले, त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला पोचले तेव्हा बारा वाजले होते. गल्लीत पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली, कंपनीतले लोक, पोपटराव सगळ्यांना पाणी देत होते. मी आत गेले. त्याला पुसून, सदरा घालून ठेवलं होतं. केस नेहमीसारखे मागे वळवलेले. मी त्याच्याजवळ बसले आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला तो तुला लिहिते, म्हणजे तुला कळेल तुझी बहीण काय आहे. माझ्या मनात आलं, सोमवारी तेजश्रीची सुनावणी आहे.

करुणानं मला स्वयंपाकघरात नेलं. तिचे डोळे कोरडे होते. "ताई, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. "शिरूरला न्यायचं तर गाडी सांगते. त्यांची तीच इच्छा हुती, आप्पांच्या शेजारी. पण सोमवारी पोरीची तारीख हाय. ज्यानं तक्रार केली तो इथलाच कुणीतरी हाय, का तिकडला हाय, मला ठावं न्हाई. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा." तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. त्यांना कळलं होतं. चांगला मुलगा आहे, तिशीचा. म्हणाले, "बाई, ते नाव कमी केलंय ते आपण कागदावर केलंय. पंचांशी मी बोलतो, कुणी नाही म्हणणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा, चार वाजेपर्यंत कबर तयार ठेवतो."

माझ्या एका होकाराचंच काम होतं, अक्का. मी ओट्याला टेकून उभी होते. डोळ्यांसमोर दफनाची नोंदवही आली. अनुक्रमांक, नाव, वय, बापाचं नाव, विधी करणाऱ्या पाळकाची सही. ती नोंद झाली की माझं पत्र खोटं पडणार, वंशावळ खोटी पडणार, आणि पोरीची जागा जाणार. नोंद न करता दफन करा, असं मी म्हणू शकले असते. तो विचारही आला. मग वाटलं, इतकी वर्षं मी ज्यांना नियम दाखवले ती सगळी माणसं त्या कबरीभोवती उभी असतील. मी पाळकसाहेबांना म्हणाले, तो सभासद नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे. ते म्हणाले, "ठीक आहे बाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बाहेर पोपटराव माझी वाट बघत होते. त्यांना आतलं काही सांगावं लागलं नाही, ते समजले. म्हणाले, "बाई, आमच्यात नेऊ का त्याला? आमचा जावईच हाय. आमच्या लोकांची हरकत न्हाई, समद्यांला तो आपलाच वाटायचा. पर तुम्ही घरचं माणूस. तुमचा शब्द पाहिजे." मी शब्द दिला. आपल्या लोकांनी ज्याला दारात उभं केलं नाही त्याला त्यांनी खांद्यावर घेतला, आणि वर माझी परवानगी मागितली.

आता जे लिहिते ते तुला आजवर सांगितलेलं नाही. तू दवाखान्यातून फोनवर विचारलंस, आप्पांच्या शेजारीच ठेवलं ना गं? मी हो म्हणाले. ते खोटं होतं. संपतला आपण पुरलं नाही. दौंडला भीमेकाठी त्याला अग्नी दिला, तेजश्रीनं. त्याआधी त्यांच्या लोकांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. शांतपणे, सावकाश, कुणी घाई केली नाही. मग पोपटराव माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमच्यातलं काय म्हणायचं असंल तर म्हणा. प्रार्थना म्हणा, गाणं म्हणा. आम्ही टोप्या काढून उभं ऱ्हातो." खरंच चारपाच जणांनी टोप्या काढल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. तिथं करुणाचा भाचा, सम्राट, मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, मुंबईच्या नातेवाइकांना दाखवायला. मी त्या मोबाईलकडे बघितलं. प्रभूची प्रार्थना म्हणायला अर्धं मिनिट लागतं. आप्पांनी ती आपल्याला बोलायला लागल्यापासून शिकवली, झोपेतही म्हणता येते. मी म्हणाले, नको. पोपटरावांनी परत विचारलं नाही. टोप्या पुन्हा डोक्यावर गेल्या. निघताना कंपनीतल्या एका बिहारी पोरानं विचारलं, आप भैया की कौन हैं? मी म्हणाले, शिरूर से आई हूँ. हेही खरंच होतं.

सोमवारी सुनावणी झाली. तेजश्री म्हणाली, चार मिनिटं लागली. धर्माचं कुणी विचारलं नाही. कदाचित माझ्या पत्रामुळे विचारलं नसेल, कदाचित विचारणारच नसतील. कुणी पाळत ठेवून होतं की नव्हतं हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि आता कळून उपयोगही नाही. प्रमाणपत्र दहा दिवसांनी आलं. ती पुण्याला होस्टेलवर आहे, अभ्यास बरा चालला आहे म्हणते. एक जानेवारीला ती शिरूरला आली होती. मी म्हणाले, चल देवळात. ती पायरीपर्यंत आली आणि तिथंच बसली. म्हणाली, "नको आत्या, आत फोटो काढतात." मग विचारलं, "पप्पांसाठी तुम्ही काहीच म्हणाला नाहीत ना त्या दिवशी? का मनात म्हणालात?" मी मनात म्हटलं असं सांगितलं. ते आणखी एक खोटं. मनातही काही आलं नव्हतं. तेव्हापासून येत नाही. मी रोज पाच वाजता उठते, गुडघे टेकते, आणि टेकून राहते. शब्द पाठ आहेत, ते म्हणायचा अधिकार कुठे गेला कळत नाही. रविवारी देवळात एकोणीस माणसं असतात. त्यांतली सात माझ्याहून म्हातारी. वर पत्रा गळतो. मी वर्षानुवर्षं यादी शुद्ध ठेवली. आता यादीच फार थोडी उरली आहे, आणि तिच्यात कुणाला घालायचं असं कुणी विचारायलाही येत नाही.

तेजश्री ख्रिस्ती नाही, कारण कागद गेला. ती बौद्ध नाही, कारण ती म्हणते मामाकडे गेलं की सगळे प्रेमानं वागवतात, पण वंदना म्हणताना तिचे ओठ थांबतात. तिनं मला विचारलं, मग मी कोण म्हणायचं? मी तिला एवढंच म्हणाले, तू आधी परीक्षा दे. हे उत्तरही चोखच होतं.

राख आणि माती यांत प्रभूला काही फरक नाही, असं पाळकसाहेब मला समजावतात. मला ते पटतं. पण त्याच्या जाळण्याचं दुःख मला नाही. आपण तिघं एका पेटीवर बसून पाठांतर केलेली भावंडं. त्यांतल्या एकाला मी कलम लावून बाहेर काढलं आणि तो बाहेर असतानाच दार लागलं. करुणा मला दोष देत नाही. पोरीची जागा राहिली, ताई, म्हणते, आणि मला जेवायला वाढते. मी जेवून परत येते.

आता हे पत्र का लिहिलं ते. गेल्या रविवारी मी सेक्रेटरीपद सोडलं आणि त्याच कागदावर माझं नाव सभासद यादीतून कमी करण्याचा अर्ज दिला. पाळकसाहेबांनी तो टेबलाच्या खणात टाकला आहे, पण घटनेप्रमाणे तीस दिवसांत तो मंजूर करावाच लागतो, ते कलमही माझंच. आप्पांच्या शेजारची जागा माझ्या नावानं राखलेली होती, ती मी सोडली. भामाबाईंना देऊ देत. मला नवरा नाही, मूल नाही. मी गेले की माणसं तुला विचारतील, आणि तू रडत रडत म्हणशील, तिला तिच्या बापाजवळ ठेवा. ते तू म्हणायचं नाहीस, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. पाकिटात दुसरा कागद आहे. त्यात लिहिलं आहे, की मला शिरूरला पुरू नये, दौंडला न्यावं आणि संपतला नेलं तिथंच न्यावं. पोपटरावांना मी विचारलं आहे, ते हो म्हणाले आहेत. खाली तुझ्या सहीची जागा रिकामी आहे. ईस्टरला येण्याआधी सही करून पोस्टानं पाठव, समोरासमोर तू करणार नाहीस. तुझा खुबा तोवर साथ देत असेल तर माझ्या वेळी तिथं ये. तुला ते विचारतील, तुमच्यातलं काही म्हणायचं आहे का. तेव्हा कुणाकडे बघू नकोस. म्हण, आणि मोठ्यानं म्हण, दोघांसाठी.

तुझीच धाकटी,
सुवार्ता